आधी पडदा ओढ

हिंदमाताच्या कापडबाजारातल्या एका साडीच्या दुकानात काचेमागे पाच पुतळे उभे असत आणि दर सोमवारी त्यांच्या साड्या बदलल्या जात. इतर विक्रेत्यांची पाळी असली की हे काम भर रस्त्यासमोर दोन मिनिटांत उरकलं जाई. नलूकाकींची पाळी असली की आधी काचेला आतून चादर लागे. दोन खिळे, एक सुतळी आणि फुलाफुलांची जुनी चादर. मग चादरीमागे काकी पुतळ्याची साडी फेडत, नवी नेसवत, आणि तेही डोळे मिटून. मालक वैतागायचे. अहो, प्लॅस्टिकचा आहे तो, म्हणायचे. काकी तोंडात धरलेली टाचणी काढून शांतपणे सांगायच्या, "शेठ, प्लॅस्टिकचा असला म्हणून काय झालं? बाईसारखा उभा केलाय ना तुम्ही?"

काकींनी नेसवलेली साडी संध्याकाळच्या आत कोणीतरी पुतळ्यावरून उतरवून विकत घेऊन जाई, त्यामुळे चादरीला तिथे कायमचा खिळा मिळाला.

नलूकाकी म्हणजे नलिनी गुरव. गिरगावात आमच्या पोफळवाडीत, तळमजल्यावर, माउलीच्या देवळाला लागून त्यांची खोली होती. देऊळ म्हणजे तरी काय, दहा माणसं उभी राहिली की अकरावं पायरीवर. गावात नवी मूर्ती बसली तेव्हा जुनी माउली बोटीने मुंबईला आली आणि काकींच्या आजेसासऱ्यांनी तिला वाडीत आणलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिच्याबरोबर गावाकडची रीतही आली. देवीची आंघोळ आणि साडी गुरवांच्या घरातल्या बाईने करायची, पडदा ओढून आणि डोळे मिटून. सगळं नेसवून झालं, चांदीचा मुखवटा चढला, हार पडले, की पडदा सरकायचा. पडद्याबाहेर आम्ही आंघोळ करून, दप्तरं पाठीला लावून उभे असायचो. त्या सकाळींचा विचार करायला लागले की मला आधी वास येतो. खोबरेल, ओला दगड, जाई. पडद्यामागून पाण्याचा आवाज आणि काकींचं काहीतरी पुटपुटणं ऐकू येई. त्या मंत्र म्हणत असाव्यात असं मला वाटायचं. पुष्कळ वर्षांनी कळलं, त्या देवीशी काल दुकानात काय झालं ते बोलत असत.

मी पुढे फोर्टातल्या एका कोर्टात भाषांतरकार म्हणून लागले. मराठी जबाबाचं इंग्रजी, इंग्रजी हुकमाचं मराठी, आणि दिवसभर पंख्याखाली उडणारे कागद सांभाळणं. माझ्या हाताला हे कागद सोडून कशाचंच वळण नाही. साडी तर मला आजतागायत धड नेसता येत नाही. वाडीत लग्नकार्य निघालं की मी साडी कशीबशी गुंडाळून काकींकडे जायची आणि दोन्ही हात पसरून उभी राहायची. काकी डोळे मिटून मला नेसवत आणि मधेच हसत. "सुजा, तू निऱ्या घालतेस की कोर्टाचं बाड बांधतेस गो?" म्हणायच्या. मी चिडायची. सरकारी नोकरी करणाऱ्या बाईला कोणी असं बोललेलं मला आवडत नसे.

मग एका पहाटे देवी चोरीला गेली. कुलूप तोडलं होतं, गाभारा मोकळा होता, आणि कोपऱ्यात मुखवटा, पाटल्या, चंद्रहार, सगळे दागिने जसेच्या तसे पडले होते. हिरवी साडी घडी करून त्यांच्यावर ठेवली होती. चोरांनी नेला होता तो फक्त दगड. आमच्या वाडीने तेव्हा जे केलं ते आठवलं की मला आजही मान खाली घालावीशी वाटते. दागिने वाचले म्हणून विश्वस्तांनी पेढे वाटले. तक्रारीत एकेका दागिन्याचं वर्णन लिहून "सुखरूप" असं नमूद केलं, आणि चोरीस गेलेला माल या सदरात लिहिलं, काळ्या दगडाची मूर्ती, नग एक. उंची नाही, हात किती ते नाही, काही नाही. फोटो म्हणून दिले ते नवरात्रातले, साडी, मुखवटा आणि हारांनी झाकलेले. दुसरे फोटो असणार कुठून? दगड कोणी पाहिलाच नव्हता. आठवड्याभरात सुताराकडून लाकडी सांगाडा करून घेतला, त्यावर मुखवटा बसवला आणि आरती पुन्हा सुरू झाली. आम्हाला फरक पडला नाही, कारण आम्हाला दिसत होतं ते सगळं जागच्या जागी होतं.

फरक पडला तो एकट्या काकींना. त्या सांगाड्यालाही रोज पडदा ओढून साडी नेसवत, पण आतून बोलणं ऐकू येईनासं झालं. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "आत कोणी नाय गो. नुसता हँगर." आणि मग, दुकानातल्या बाईच्या नजरेने, "त्या मेल्याने साडीची घडी बरी घातली होती. पण काठ आत मुडपला. आपल्याकडे काठ बाहेर ठेवतात." हे त्या पुढची कितीतरी वर्षं सांगत राहिल्या, इतकी की वाडीतल्या लोकांनी ऐकायचं सोडलं.

मी मात्र ते विसरले नव्हते. म्हणून एका दुपारी माझ्या टेबलावर एका अटक झालेल्या माणसाचा जबाब भाषांतराला आला आणि त्यात "गिरगावातल्या एका छोट्या देवळात देवीची साडी फेडून घडी करून ठेवली, कारण तसंच टाकायला मन झालं नाही" हे वाक्य वाचलं, तेव्हा माझं पेन थांबलं. परदेशातल्या एका बंदराच्या शहरात पुराणवस्तूंच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामावर तिथल्या सरकारने छापा घातला होता, आणि त्याच धाग्याने इकडे हा माणूस सापडला होता. आपल्याकडच्या देवळांतून दगडी मूर्ती उचलायच्या, नव्या बनवलेल्या शोभेच्या वस्तू म्हणून जहाजाने पाठवायच्या, आणि तिकडे त्यांना जुन्या संग्रहातली म्हणून खोटे कागद जोडायचे, असा तो धंदा होता. तिथल्या न्यायालयाने आपल्या न्यायालयाला विनंतीपत्र पाठवलं होतं. सोबत मूर्तींचे फोटो होते, त्यांतल्या एकावर त्या माणसाने गिरगावातली म्हणून बोट ठेवलं होतं, आणि प्रत्येक मूर्तीपुढे एकच प्रश्न होता. ही तुमची, हे तुम्ही कशावरून म्हणता?

मी साहेबांकडे गेले, वाडीचं सांगितलं, आणि चक्रं फिरली. वाडीचे विश्वस्त आले, नवरात्राचे फोटो पुन्हा पुढे करून गेले. सरकारी वकील तरुण होते, हुशार होते. व्यापाऱ्याकडे चोख कागद आहेत, ते म्हणाले, आणि आपल्याकडे एका चोराचा शब्द आणि तक्रारीत नग एक. या मूर्तीला हात लावलेला कोणी साक्षीदार असेल तर बोला, नाहीतर ती त्याला परत मिळेल. अशी बाई वाडीत एकच होती. तेव्हा काकी पंच्याहत्तरीला आल्या होत्या, दुकान सुटलं होतं, गुडघे बोलत होते. मी फोटो घेऊन त्यांच्या खोलीत गेले. चांगला मोठा फोटो होता. पांढऱ्या उजेडात काळी देवी उभी होती, अंगावर सूतभर कापड नाही.

काकींनी एकदा पाहिलं आणि फोटो उलटा करून चटईवर ठेवला. मला नाही ओळखता येत, म्हणाल्या. मी म्हटलं, नीट बघा. तर म्हणाल्या, बघून काय करू, मी तिला कधी बघितलंच नाही. पन्नास वर्षं रोज सकाळी जिला न्हाऊ घातलं तिला त्यांनी एकदाही डोळे उघडून पाहिलं नव्हतं. सासूने तसं सांगितलं होतं, त्यांनी तसं केलं.

मी हादरले. मग तिला हाताने कशी ओळखता ते कोर्टात सांगा, खूण सांगा, अंग कसं आहे ते सांगा, असं म्हणायला लागले, तशी काकींनी मान हलवली. "माका नाय जमाचा. चार पुरुषांत उभी राहून तिचं अंग सांगू? तुझ्या आईचं सांगशील तू?" मी तेव्हा जे बोलले ते मागे घेता आलं असतं तर बरं झालं असतं. म्हटलं, काकी, आई नाही, दगड आहे तो, आणि तुमच्या या लाजेपायी तो दगड त्या व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात जाणार आहे. काकी उठल्या, चहाचा कप माझ्या हातातून काढून घेतला आणि मोरीत नेऊन विसळला. मी अजून प्यायले नव्हते.

पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी कामावर जाताना त्यांच्या दारावरून जायची, त्या तांदूळ निवडत असायच्या. मला रात्री नीट झोप लागत नव्हती, कारण माझं म्हणणं बरोबर होतं आणि तरी मी चुकले होते हे मला कळत होतं. सोळाव्या दिवशी त्यांनीच हाक मारली. तिकडचं कोर्ट किती वाजता भरतं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आपली संध्याकाळ असेल तेव्हा त्यांची सकाळ. काकींनी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. म्हणजे तिची आंघोळीची वेळ, म्हणाल्या, आणि मग, येते मी.

सुनावणी आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत होती. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर तिकडचं न्यायालय. काकींनी इरकली नेसली होती आणि पायांत मोजे घातले होते, कारण एसी असतो असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी त्यांची शेजारीण आहे हे मी आधीच लेखी कळवलं होतं, म्हणून व्यापाऱ्याच्या वकिलाने मराठी समजणारा आपला माणूस बाजूला बसवून घेतला होता, माझा शब्दन् शब्द तपासायला. पडद्यावर चित्र हललं, स्थिरावलं, आणि टेबलावर उभी असलेली माउली दिसली, तशीच, त्या पांढऱ्या उजेडात. काकींनी डोळे गच्च मिटले आणि तोंड मागच्या भिंतीकडे केलं.

न्यायाधीश बाई होत्या, पिकल्या केसांच्या. साक्षीदाराने मूर्तीकडे पाहावं, त्या म्हणाल्या. मी ते मराठीत सांगितलं. काकी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "त्यांना सांग, आधी तिला काहीतरी पांघरा. मग विचारा काय विचारायचं ते."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं. व्यापाऱ्याचे वकील लगेच उठले. साक्षीदार मूर्ती पाहायलाच तयार नाही, तर ओळखणार काय, हा सगळाच वेळेचा अपव्यय आहे, असं त्यांचं म्हणणं. इकडे आमचे वकील कपाळाला हात लावून बसले होते. न्यायाधीशबाईंनी मात्र आपल्या कारकुनाला काहीतरी सांगितलं. तो उंच, टक्कल पडलेला गृहस्थ होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खुर्चीच्या पाठीवरची स्वतःची करड्या रंगाची शाल घेतली आणि देवीला पायांपर्यंत पांघरली. खांद्यावर नीट बसेना तेव्हा त्याने ती मागून सारखी केली. मी काकींना हळूच सांगितलं, कारकुनाने आपली लोकरीची शाल घातली, झाकली.

काकी वळल्या. डोळे मिटलेलेच होते. दोन्ही हात पुढे आले, हवेत, छातीच्या उंचीला, आणि हलायला लागले. पडद्यामागे रोज सकाळी काय चालायचं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही सगळं कोर्ट बघत असताना. "डाव्या कमरेला खाच आहे," त्या म्हणाल्या. "निऱ्या तिथे खोचायच्या, टाचणी लागत नाही. उजव्या खांद्याच्या मागे टवका उडालाय. रेशीम अडकतं, म्हणून आधी सुती पट्टी घालायची." मी एकेक वाक्य इंग्रजीत करत होते आणि माझा आवाज मलाच लांबून येत होता. मग त्यांचे हात वर गेले आणि थांबले. "आणि मानेवर, अंबाड्याच्या खाली, बोटाचं पेर जाईल एवढा खळगा आहे. तिथे मी जाईचं एक फूल ठेवायची. कोणाला दिसत नाही. तिचं तिला."

फोटो सगळे समोरून काढलेले होते. पाठीचा एकही नव्हता. न्यायाधीशबाईंनी कारकुनाला खूण केली. त्याने बाह्या वर सारल्या, शालीखाली हात घातला आणि, कोणी सांगितलं नव्हतं तरी, स्वतःचेही डोळे मिटून घेतले. कमरेशी त्याचा हात थांबला. खांद्याशी थांबला. मानेशी पुष्कळ वेळ राहिला. मग त्याने एकच शब्द उच्चारला. त्याचं भाषांतर मी काकींसाठी केलं. आहे, म्हटलं.

व्यापाऱ्याच्या वकिलांनी उलटतपासणीत एकच प्रश्न विचारला. तुम्ही ही मूर्ती आयुष्यात कधी पाहिलेली नाही, हे खरं का? काकी म्हणाल्या, "खरं. बघायला बाकीचे होते ना."

परतताना टॅक्सीत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. चर्नी रोडपाशी सिग्नल लागला तेव्हा म्हणाल्या, "तो शाल घालणारा माणूस चांगला होता. पण शाल लोकरीची. तिला टोचेल." एवढंच. माझ्या त्या दगडाबद्दलच्या बोलण्याविषयी त्या कधीच काही बोलल्या नाहीत. मी माफी मागायचा प्रयत्न केला की काहीतरी खायला पुढे करायच्या, आणि मीही ते खाऊन घ्यायची.

निकाल लागला, मूर्ती आमची ठरली. पण निकाल लागणं आणि देवी घरी येणं यांत किती खोल्या असतात ते कोर्टात काम करूनही मला माहीत नव्हतं. आधी तिकडे अपील झालं. मग दोन सरकारांचे कागद चालले. मग देवी विमानाने आली ती इकडच्या चोरांच्या खटल्यातला मुद्देमाल म्हणून, आणि हुकूम होईपर्यंत मुद्देमालाच्या खोलीत राहिली, नंबराची चिठ्ठी लावलेल्या पेटीत. काकी अधूनमधून विचारत, आली का गो? मी म्हणायची, आली आहे, पण अजून घरी यायची आहे. हे उत्तर त्यांना पटायचं. विमानतळावरून माणसं कशी लगेच सुटत नाहीत, तसं, त्या म्हणायच्या. शेवटच्या आजारात त्यांनी मला एक पिशवी दिली. आत चोरांनी घडी केलेली ती हिरवी साडी होती आणि धुऊन पांढरी केलेली सुती पट्टी. साडीची घडी त्यांनी बदलली होती. काठ बाहेर होता. "माझ्याच्याने आता नाय व्हायचं," म्हणाल्या. "तू कर." मला निऱ्याही येत नाहीत, मी म्हटलं. काकी हसल्या, डोळे मिटून, मला साडी नेसवताना हसायच्या तसंच. त्या मार्गशीर्षात गेल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी कोर्टाने माउली वाडीच्या ताब्यात द्यायचा हुकूम केला. लागेल तेव्हा हजर करू आणि मूळ स्थितीत बदल करणार नाही, असं विश्वस्तांनी लिहून दिलं. त्या हुकमाचं मराठी मीच केलं. पेटी उघडली तेव्हा देवीच्या अंगावर ती करडी शाल तशीच होती. कोणीतरी तिलाही मुद्देमालाचा नंबर देऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वाडी देवळापुढे जमली. पण साडी कोण नेसवणार? गुरवांच्या घरात आता बाई नव्हती. काकींचा मुलगा हार घेऊन अवघडून उभा होता. कोणाला काहीच माहीत नव्हतं, आणि मग माझ्या लक्षात आलं की मला सगळं माहीत आहे. काकींची साक्ष मी शब्दन् शब्द ऐकली होती, भाषांतरली होती, दोन्ही भाषांत टंकून तिच्यावर सही केली होती. या जगात ती तशी पाठ असलेली बाई मी एकटीच होते. मी चपला काढल्या, काकींची पिशवी घेऊन आत गेले आणि आधी पडदा ओढला.

डोळे मिटले तरी तो पांढऱ्या उजेडातला फोटो दिसत राहिला. मी पाणी घातलं, पुन्हा घातलं. दगड थंड होता, मग हाताखाली थोडा ऊन झाला, आणि फोटो हळूहळू पुसत गेला. खांद्यामागे पट्टी घातली. निऱ्या घालायला घेतल्या. पहिल्यांदा सुटल्या, दुसऱ्यांदा सुटल्या. तिसऱ्यांदा डाव्या कमरेची खाच बोटांना लागली आणि निऱ्या आत जाऊन बसल्या, टाचणीशिवाय. बाहेर कोणीतरी, झालं का, म्हणून विचारत होतं. मी देवीला काकींबद्दल सांगत होते, त्या कशा गेल्या, शेवटी काय म्हणाल्या ते. मग अंबाड्याखाली हात घातला. माझं बोट काकींपेक्षा जाड आहे, पेर अर्धंच आत गेलं. फूल मात्र बसलं.